चेंडू रिंगला लागण्याआधी मूठ आवळा: बास्केटबॉलच्या पंचांना खुले पत्र

बास्केटबॉलच्या सर्व पंचांना आणि नियम लिहिणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट, घेणाऱ्या खेळाडूचं लक्ष प्रतिस्पर्धी मुद्दाम मोडतात, ते तुम्हाला दिसतं, ऐकू येतं, आणि तरीही शिट्टी वाजत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे. मी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. त्याआधी बरीच वर्षं खेळले. तुमच्यावर राग काढायला बसलेली नाही. सामनाभर धावत, जवळजवळ प्रत्येक निर्णयावर कोणाची ना कोणाची नाराजी ओढवून घेत तुम्ही जे काम करता, त्याची मला कदर आहे. म्हणूनच हे तक्रार अर्जात न लिहिता सगळ्यांसमोर लिहिते आहे, म्हणजे तुम्हालाही सगळ्यांसमोर उत्तर देता येईल.

नेमकं काय होतं ते आधी सांगते. मुलगी लाइनवर उभी आहे. चेंडूचे दोनतीन टप्पे देते, तो हातात फिरवून शिवणी जागेवर आणते, नजर रिंगवर लावते. गुडघे किंचित वाकतात आणि कोपर वर जायला लागतं. नेमक्या त्याच क्षणी पहिल्या रिबाउंड जागेवरची, म्हणजे चुकून परत येणारा चेंडू पकडायला बाजूला उभी असलेली, प्रतिस्पर्धी मुलगी बुटाची टाच फ्लोअरवर आपटते. एकदाच. हात खाली आहेत, तोंड बंद आहे, पाऊल रेषेच्या आत आलेलं नाही. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर येतो आणि टाच आपटणारी तोवर रिबाउंडसाठी उडी मारून मोकळी झालेली असते. लीड पंचाने, म्हणजे बास्केटखाली उभ्या असलेल्या पंचाने, तो आवाज ऐकलेला असतो, कारण तो चार पावलांवर उभा असतो. तो तिच्याकडे एक कटाक्ष टाकतो. खेळ पुढे चालू होतो.

टाचेऐवजी कधी कंबरेपाशी वाजवलेली टाळी असते, कधी खोकला, कधी चेंडू सुटता सुटता "शॉर्ट!" अशी आरोळी, कधी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारण्याच्या निमित्ताने काढलेला मोठा आवाज. प्रकार बदलतो, वेळ बदलत नाही. कोपर वर जातानाचा तो अर्धा सेकंद साधला जातो. सहज झालेल्या गोष्टीला अशी अचूक वेळ सापडत नाही. मुलांना हे कोणीतरी शिकवतं, आणि शिकवणारे आम्ही प्रशिक्षक असतो, हेही मला माहीत आहे.

नियमांची कमतरता आहे असं म्हणता येणार नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमपुस्तिकेतला 43वा नियम फ्री थ्रोचा. रिबाउंड जागेवर उभ्या असलेल्या खेळाडूने आपल्या कृतीने शूटरचं लक्ष विचलित करायचं नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रतिस्पर्ध्याने ते केलं आणि थ्रो चुकला, तर शूटरला बदली फ्री थ्रो मिळतो. थ्रो पडला, तर गुण धरायचा आणि उल्लंघन सोडून द्यायचं. गैरवर्तनाबद्दल दिल्या जाणाऱ्या टेक्निकल फाऊलच्या 36व्या नियमावर फिबाने दिलेलं स्पष्टीकरण आणखी पुढे जातं. शॉट घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हात हलवणं, मोठ्याने ओरडणं, जोरात पाय आपटणं, जवळ टाळ्या वाजवणं, असे प्रकार त्यात नाव घेऊन सांगितलेले आहेत. शूटरचं त्यामुळे नुकसान झालं तर टेक्निकल देता येतो आणि नुकसान झालं नाही तर ताकीद द्यायची. पाय आपटणं हे शब्द तिथे छापलेले आहेत, म्हणजे लिहिणाऱ्यांनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिलेला असणार.

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, नियमपुस्तिकेत तर यादीच आहे. चेंडू शूटरच्या हाती आला की त्याच्या नजरेच्या टप्प्यात हात हलवायचे नाहीत, एकदम हालचाल करायची नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, व्यत्यय येईल असं मोठ्याने बोलायचं नाही, लेनमध्ये, म्हणजे रिंगपुढच्या आखलेल्या पट्ट्यात, शिरून हालत राहायचं नाही. त्या यादीतलं पहिलं कलम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ज्या थ्रोनंतर चेंडू खेळात राहणार नाही, त्या थ्रोच्या वेळी लेनवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याने हात वर केले, तर तेवढ्यानेच तो व्यत्यय ठरतो.

या कलमापाशी थोडं थांबते, कारण तुमची एक खरी अडचण त्यात सुटते. तुमच्यापैकी अनेकांशी बोलताना ऐकलं आहे की रिबाउंडची तयारी कोणती आणि व्यत्यय कोणता, हे ओळखणं कठीण असतं. शेवटच्या थ्रोला ते खरंच कठीण आहे. बचाव करणाऱ्यांना एकमेकांना "बॉक्स आउट" (प्रतिस्पर्ध्याला मागे अडवा) सांगावं लागतं, हात वर ठेवावे लागतात, अंग पुढे झुकवावं लागतं. तिथे तुम्ही शंकेचा फायदा दिलात तर माझी हरकत नाही. पण दोन थ्रो असतील तर पहिल्याच्या वेळी रिबाउंड नसतोच. चेंडू पडो वा न पडो, तो परत शूटरकडेच येणार आहे. मग त्या वेळी टाच आपटायला, हात वर न्यायला किंवा कोणाला हाक मारायला कारण काय उरतं? पहिला थ्रो ही तुमच्यासाठी आयती कसोटी आहे. त्या वेळी लेनवर जे काही हलतं किंवा वाजतं, ते शूटरसाठीच असतं. फिबाच्या पुस्तिकेत हा फरक असा मांडलेला नाही. तो मांडायला हवा, ही नियम लिहिणाऱ्यांकडे माझी पहिली मागणी.

आता मुद्द्यावर येते. नियम आहेत, तुम्हाला ते पाठ आहेत, मग शिट्टी का वाजत नाही? माझ्या मते याचं कारण नियमाच्या रचनेतच आहे. थ्रो पडला तर उल्लंघन विसरायचं, चुकला तरच बदली थ्रो द्यायचा. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, गुण मिळालाच तर भरपाई कशाची करायची? पण त्यामुळे तुमचा निर्णय नेहमी थ्रो चुकल्यावर जाहीर होतो. प्रेक्षक, बेंच, खेळाडू सगळ्यांना दिसतं ते इतकंच की चेंडू बाहेर गेला आणि मग पंचाने शिट्टी वाजवून त्या संघाला आणखी एक संधी दिली. तुम्ही आवाज आधीच ऐकला होता, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. बाकीच्यांना ते औदार्य वाटतं, आणि सामना अटीतटीचा असेल तर पक्षपात. ही नाचक्की नको म्हणून तुम्ही कटाक्षावर भागवता. मी तुमच्या जागी असते तर कदाचित मलाही तोच मोह झाला असता.

यावर उपाय शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोच्या वेळी बचाव करणाऱ्या संघाकडून उल्लंघन झालं, तर पंच शिट्टी राखून ठेवतो, पण हात बाजूला ताणून मूठ आवळतो. चेंडू अजून हवेत असतो किंवा हातातून सुटायचा असतो. थ्रो पडला की मूठ सोडली जाते आणि खेळ चालू राहतो. चुकला की शिट्टी वाजते. चेंडू रिंगला लागण्याआधीच निर्णय हाताने सांगितलेला असल्यामुळे मग कोणीही म्हणू शकत नाही की पंचाने निकाल बघून मत बनवलं. आवळलेली मूठ समोरच्या बेंचलाही दिसते, टाच आपटणाऱ्या मुलीलाही दिसते. थ्रो पडला आणि शिट्टी वाजली नाही तरी तिला कळतं की आपण पकडले गेलो.

फिबाच्या खुणांमध्ये फ्री थ्रोच्या व्यत्ययासाठी अशी आगाऊ खूण आणावी, ही माझी दुसरी मागणी. पुस्तिका साधारण दर दोन वर्षांनी सुधारली जाते. 2020, 2022, 2024 असं ते चालत आलं आहे. एका खुणेला त्यात जागा सापडणं अवघड नसावं. आणि ती येईपर्यंत थ्रो पडल्यावरही ताकीद देण्यापासून तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. गुण झाला म्हणून उल्लंघन सोडून द्यायचं असतं, ताकीद सोडून द्या असं कुठेही लिहिलेलं नाही. आज होतं असं की थ्रो पडला की सगळे विसरतात आणि पुढच्या थ्रोला तीच टाच पुन्हा वाजते. शूटर चांगली असेल तर तिच्या कौशल्यावर समोरच्याचा उद्दामपणा झाकला जातो, आणि कच्ची असेल तर तिचीच चूक ठरते.

तिसरी मागणी सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. लाइनवरची मुलगी दचकली तर काय होतं? अनेकदा ती शॉट अर्ध्यात थांबवते. म्हणजे नियमाच्या भाषेत तिने हुलकावणी दिली. किंवा तोल जाऊन तिचं पाऊल लाइनवर पडतं. फिबाच्या नियमात शूटरचं उल्लंघन सगळ्यांवर भारी पडतं. शूटरने उल्लंघन केलं की तिचा थ्रो बाद, आणि त्याच्या लगेच आधी, त्याच सुमारास किंवा नंतर इतर कोणी काही उल्लंघन केलं असेल तर ते दुर्लक्षित करायचं. पुढे आणखी थ्रो नसेल तर चेंडूही समोरच्या संघाला. लगेच आधी हे शब्द परत एकदा वाचून बघा. जिने टाच आपटली तिची कृती दुर्लक्षित, आणि त्या आवाजाने जी दचकली तिचा थ्रो गेला.

अमेरिकेतल्या हायस्कूल नियमांत या ठिकाणी क्रम पाहिला जातो. व्यत्यय आधी आणि शूटरचं उल्लंघन त्यामुळे नंतर, तर शूटरला बदली थ्रो. कारण आधी आणि परिणाम नंतर, हे साधं सूत्र तिथे पाळलं आहे. फिबाच्या पुस्तिकेत व्यत्ययापुरता तरी तोच क्रम मानला जावा. रेषेच्या आत पाऊल टाकण्याची घाई आणि शूटरला मुद्दाम दचकवणं यांना एकाच मापाने मोजणं योग्य नाही. घाई करणाऱ्याने थ्रोला धक्का लावलेला नसतो. दचकवणाऱ्याने तो लावलेलाच असतो. आज अशा प्रसंगी तुमच्या हातात 36वा नियम उरतो. व्यत्यय ऐकताच, शूटरचं पाऊल पडायच्या आत, शिट्टी वाजवून टेक्निकल देण्याची हिंमत ज्यांनी दाखवली, असे पंच मी पाहिले आहेत. त्या एका शिट्टीनंतर उरलेल्या सामन्यात लेनवर कोणाचा पाय वाजला नाही.

इथवर वाचून काही जण म्हणतील की प्रेक्षक एवढा गोंधळ घालतात त्याचं काय. बास्केटमागे बसून लोक फलक हलवतात, ओरडतात, मोठमोठे चेहरे नाचवतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2013 मध्ये बास्केटमागे चक्क पडदाच लावला. थ्रोच्या वेळी पडदा उघडायचा आणि आतून काहीतरी विचित्र बाहेर यायचं. 2016च्या जानेवारीत त्या पडद्यामागून जलतरणपटू मायकेल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदकं घालून बाहेर आला आणि ओरेगन स्टेटच्या खेळाडूचे दोन्ही थ्रो चुकले. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. पण ज्या थ्रोंना काहीच झालं नाही, त्यांच्या चित्रफिती कोणी पाहत नाही. एनबीएमध्ये फ्री थ्रोचं प्रमाण कित्येक दशकं साधारण 75 टक्क्यांच्या आसपास राहिलं, आणि घरच्या मैदानावरचं व बाहेरचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. हजारो माणसं विरोधात ओरडत असताना जर फरक इतका थोडा पडत असेल, तर गर्दीला आपण जरा जास्तच महत्त्व देतो.

याचं कारण लाइनवर उभं राहिलेल्या कोणालाही सांगता येईल. बोर्ड 4.6 मीटरवर, रिंग 3.05 मीटर उंचीवर, तिचा व्यास 45 सेंटिमीटर. तेवढ्यावर नजर बसली की मागचं सगळं एकसारखं होऊन जातं. कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी 1990च्या दशकात फ्री थ्रो घेणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला. कुशल शूटर शॉट सुरू करण्याआधी रिंगवरच्या एका जागी नजर अधिक वेळ स्थिर ठेवतात, असं त्यांना आढळलं. सतत चालू असलेला कल्लोळ त्या नजरेला फारसा हलवत नाही. हलवतो तो जवळचा, एकाएकी आलेला, हालचालीच्या मध्यावर पडलेला आवाज. सुईत दोरा ओवताना रस्त्यावरची वाहनं त्रास देत नाहीत, पण कोणी कानाशी चुटकी वाजवली की हात हलतो. म्हणून गर्दीबद्दल मला तुमच्याकडे विशेष काही मागायचं नाही. माझं मागणं आहे ते लेनवरच्या आणि बेंचवरच्या माणसांबद्दल. त्यांना नियम लागू आहेत, आणि ती तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

गर्दीबद्दल फक्त एक गोष्ट. 2021च्या एनबीए प्लेऑफमध्ये मिल्वॉकीचा यानिस आंटेटोकूनम्पो लाइनवर आला की प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर सगळं स्टेडियम मोठ्याने आकडे मोजायचं. एनबीएत थ्रोसाठी 10 सेकंद असतात, आणि गर्दीची मोजणी घड्याळाच्या पुढे धावायची. तो खरंच वेळ लावत होता आणि पंचांनी त्याला त्याबद्दल पकडलंही. पण गर्दीची लय आणि पंचाची लय वेगळी राहिली पाहिजे, हे तिथे फार महत्त्वाचं होतं. फिबात तर पाचच सेकंद आहेत. लहान वयाच्या सामन्यात पालक मोजायला लागले की काही पंचांचा हातही त्यांच्या तालावर चालायला लागतो, हे मी पाहिलं आहे. तुमचा हात तुमच्याच वेगाने चालू द्या.

बेंचचं मात्र सविस्तर बोलायला हवं. फिबाच्या नियमांत पहिल्या हाफमध्ये प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्यांच्या बेंचच्या बाजूच्या बास्केटवर हल्ला करतो. म्हणजे पहिल्या दोन क्वार्टरमधला प्रत्येक फ्री थ्रो समोरच्या संघाच्या बदली खेळाडूंच्या डोळ्यांदेखत घेतला जातो. तिथे सात जण ओळीने बसलेले असतात. चेंडू सुटताना सगळ्यांनी एकदम खुर्चीवर थाप मारायची, किंवा ठरवून एकाने शिंकायचं, हे खेळ शिकण्याआधी शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि तुमची कामाची वाटणी बघितली तर बेंचकडे पाहणारं कोणीच नसतं. दोन पंचांच्या सामन्यात ट्रेल, म्हणजे मागे राहणारा पंच, पाच सेकंद मोजतो, शूटरचे पाय बघतो, चेंडूची वाट बघतो. लीड बास्केटखाली रिबाउंड जागांकडे बघतो. बेंच त्या दोघांच्याही नजरेबाहेर राहतं, आणि हे बेंचवरच्या मुलांना तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

त्यातून 43व्या नियमातले शब्द रिबाउंड जागेवरच्या खेळाडूंबद्दल आहेत. बेंचवरून आवाज आला तर बदली थ्रोचा आधार तोकडा पडतो आणि थेट ताकीद किंवा टेक्निकलची भाषा करावी लागते. टेक्निकल म्हटलं की तुम्ही कचरता, हे समजण्यासारखं आहे. खोकल्याबद्दल टेक्निकल दिला तर प्रशिक्षक आकांडतांडव करणार. पण पहिल्या आवाजाला, शूटरला चेंडू देण्याआधी, बेंचच्या दिशेने दोन पावलं टाकून प्रशिक्षकाला उघडपणे ताकीद दिलीत, तर बहुतेक वेळा टेक्निकलची गरजच पडत नाही. ताकीद कानात दिली तर ती प्रशिक्षकापुरती राहते. सगळ्यांना दिसेल अशी दिली तर बेंचवरचा प्रत्येक जण ती घेतो.

राहता राहिलं बोलणं. 1997च्या एनबीए फायनल्सचा पहिला सामना. 82-82 अशी बरोबरी, 9.2 सेकंद शिल्लक, आणि त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू कार्ल मलोन दोन फ्री थ्रो घ्यायला निघालेला. त्याचं टोपणनाव पोस्टमन, आणि त्या दिवशी रविवार. स्कॉटी पिपेन त्याच्याजवळ जाऊन म्हणाला की पोस्टमन रविवारी टपाल वाटत नाही. मलोनचे दोन्ही थ्रो चुकले, मायकेल जॉर्डनने शेवटच्या क्षणी बास्केट केली आणि शिकागोने सामना 84-82 असा जिंकला. 2006 मध्ये वॉशिंग्टनचा गिल्बर्ट अरेनास जादा वेळेत लाइनवर असताना लेब्रॉन जेम्स त्याच्यापाशी जाऊन काही बोलला. अरेनासचे दोन्ही थ्रो गेले आणि क्लीव्हलँड 114-113 असं जिंकलं. हे दोन्ही किस्से आमची मुलं कौतुकाने सांगतात. त्यात नियम मोडला का? एनबीएचा नियम चेंडू शूटरच्या हाती दिल्यापासून लागू होतो. त्याआधीचं बोलणं त्याच्या बाहेर राहतं. मोठ्या, पगारी खेळाडूंमध्ये ते तसंच राहिलं तरी मला चालेल. एकमेकांची नस ओळखून टाकलेलं ते वाक्य होतं, आणि उत्तर द्यायला दोघेही समर्थ होते.

पण तेच तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमध्ये होतं तेव्हा त्यात नस ओळखणं वगैरे काही नसतं. रंग, उंची, वजन, घरची परिस्थिती, मागच्या सामन्यातली चूक, जे हाती येईल ते कानात टाकलं जातं. ते टोमणे इथे लिहायची माझी इच्छा नाही. तिथे नियमाच्या आधीच्या त्या दहापंधरा सेकंदांवरही तुमचा पूर्ण ताबा असतो, कारण चेंडू तुमच्या हातात असतो. तुम्ही तो दिल्याशिवाय थ्रो सुरूच होत नाही. लेनवर कोणी शूटरच्या दिशेने तोंड करून बोलत असेल, तर चेंडू काखेत धरून नुसतं उभं राहा. गप्प झाल्यावर द्या. यासाठी कोणताही नियम बदलावा लागत नाही, शिट्टीही लागत नाही. आणि देण्याआधी एकदा गुणलेखकांच्या टेबलाकडे बघा. बदली खेळाडू उठून उभा आहे का, हॉर्नवर कोणाचा हात आहे का. थ्रो हातातून सुटतानाच वाजलेला टेबलचा हॉर्न कोणी मुद्दाम वाजवत नाही, पण शूटरला त्याने काय फरक पडतो?

एक पंच मला सामन्यानंतर म्हणाले होते की मुलांनी हे सोसायला शिकलं पाहिजे, पुढे याहून वाईट येणार आहे. सोसायला शिकवणं माझं काम आहे आणि मी ते करते. सरावात थ्रोच्या वेळी मीच शिट्ट्या वाजवते, सहकाऱ्यांना ओरडायला लावते, दमल्यावर थ्रो घ्यायला लावते. पण सराव म्हणजे सामना नाही. प्रतिस्पर्ध्याने हाताला मारलं तर फाऊल देताना तुम्ही असं म्हणत नाही की हिने मार सोसायला शिकावं. फाऊलची भरपाई म्हणूनच तर तिला हा थ्रो मिळालेला असतो. त्या भरपाईच्या क्षणीच तिच्यावर दुसरा अन्याय होऊ द्यायचा आणि त्याला खेळाचा भाग म्हणायचं, हे मला पटत नाही.

सामन्याआधी कर्णधारांना बोलावता, तेव्हा एक वाक्य वाढवा: फ्री थ्रोला लेनवर आणि बेंचवर आवाज नको, पहिल्याला ताकीद, दुसऱ्याला टेक्निकल. हे वाक्य काही पंच आजही म्हणतात, आणि त्यांच्या सामन्यांतले फ्री थ्रो किती वेगळे होतात ते बाहेर बसून जाणवतं. फक्त म्हटलेलं पाळायला हवं, आणि पहिल्या क्वार्टरमध्ये पाळायला हवं. शेवटच्या मिनिटात पहिल्यांदा वाजलेली शिट्टी कोणालाच न्याय्य वाटत नाही, ज्या संघाच्या बाजूने ती वाजते त्यालासुद्धा नाही.

माझ्या बाजूने मी काय करणार तेही सांगायला हवं. माझ्या संघातल्या मुलांना मी सांगितलं आहे की लेनवर उभं राहिल्यावर चेंडू सुटेपर्यंत पाय जमिनीवर आणि तोंड बंद. बेंचवरही तेच. तरीही कोणी टाच आपटली, तर ती मुद्दाम होती की चुकून, याचा वाद घालायला मी टेबलाकडे येणार नाही. माझ्या मुलीविरुद्ध मूठ आवळा, थ्रो चुकला तर समोरच्या शूटरला बदली थ्रो द्या, आणि दुसऱ्यांदा झालं तर टेक्निकल लिहा. त्यानंतर त्या मुलीला बाहेर बसवायचं काम माझं.

आपली,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक